इंजिनाची अनियमित चाल (जुन्या इंधन अंतःक्षेपण मोटारी)

इंजिनाची अनियमित चाल म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या सर्व सिलिंडरांतील ज्वलन सारख्या प्रमाणात व ठरल्या क्षणी न झाल्यामुळे इंजिन थरथरणे, अडखळणे, झटके देणे किंवा मध्येच बंद पडणे. गॅरेजच्या बोलीत यालाच ‘इंजिन मिसिंग मारते’ असे म्हणतात. अनियमित चाल हा स्वतः एक दोष नसून अनेक वेगवेगळ्या दोषांचे समान लक्षण आहे. ठिणगी, इंधन, हवा, संपीडन किंवा विद्युत् संकेत यांपैकी कोणत्याही घटकातील बिघाडाने ते दिसू शकते. त्यामुळे एखादा भाग बदलण्यापूर्वी दोष कोणत्या घटकात आहे हे मोजमापाने ठरवणे, हे निदानाचे मूलतत्त्व मानले जाते.

या लेखात मुख्यतः १९९० च्या दशकातील व २००० च्या दशकाच्या आरंभीच्या, इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपण असलेल्या पेट्रोल मोटारींचा विचार केला आहे. या मोटारींत संगणकीय नियंत्रण असते; परंतु आजच्या गाड्यांप्रमाणे प्रत्येक दोषाची सविस्तर नोंद मिळत नाही. त्यामुळे त्यांच्या निदानाला यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही प्रकारच्या ज्ञानाची गरज लागते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण करण्याचे काम दीर्घकाळ कार्ब्युरेटर करीत असे. १९५४ मध्ये सादर झालेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या मोटारीत यांत्रिक पद्धतीचे थेट अंतःक्षेपण होते. इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाचा व्यापक वापर बॉश कंपनीच्या ‘डी-जेट्रॉनिक’ प्रणालीपासून सुरू झाला. ही प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या मोटारीत बसवण्यात आली. १९७३ मध्ये ‘के-जेट्रॉनिक’ ही यांत्रिक प्रणाली आली. १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारींत धुरातील ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा संवेदक आला. १९७९ मधील ‘मोट्रॉनिक’ प्रणालीत इंधन व प्रज्वलन यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे देण्यात आले.

भारतात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ८०० या प्रमुख पेट्रोल मोटारी कार्ब्युरेटरवर चालत. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. भारत स्टेज-२ उत्सर्जन मानके २००० मध्ये दिल्ली परिसरात आणि २००३ मध्ये पुण्यासह इतर मोठ्या शहरांत लागू झाली. २००५ मध्ये पुण्याचा समावेश असलेल्या ११ शहरांत भारत स्टेज-३ लागू झाले. या मर्यादा कार्ब्युरेटरने पाळणे कठीण असल्यामुळे ‘एमपीएफआय’, म्हणजे प्रत्येक सिलिंडरासाठी स्वतंत्र इंजेक्टर असलेली बहुबिंदू अंतःक्षेपण पद्धत, सर्वत्र रूढ झाली.

पुणे शहर व पिंपरी-चिंचवड परिसर यांचा या स्थित्यंतराशी निकटचा संबंध आहे. वाहनांच्या चाचणी व प्रमाणीकरणाचे काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली असून ती कोथरूडजवळ वेताळ टेकडीच्या परिसरात आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मर्सिडीज-बेंझच्या भारतीय कंपनीने १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी येथील आवारात डब्ल्यू १२४ श्रेणीच्या मोटारींची जोडणी सुरू केली. त्यांतील ई २२० ही पेट्रोल मोटार इंधन अंतःक्षेपण पद्धतीची होती. डिसेंबर १९९८ मध्ये सादर झालेली टाटा इंडिका हीदेखील पिंपरीचीच निर्मिती. तिच्या सुरुवातीच्या पेट्रोल आवृत्तीत कार्ब्युरेटर होता व पुढे त्याची जागा एमपीएफआयने घेतली. त्या काळातील मोटारी आता पंचवीस ते तीस वर्षांच्या झाल्या असून हौशी मालक त्यांना ‘क्लासिक’ म्हणून जपतात.

## प्रणालीची रचना

अंतःक्षेपण प्रणालीचे तीन भाग असतात: माहिती देणारे संवेदक, निर्णय घेणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीयू) आणि कृती करणारे इंजेक्टर, इंधन पंप, प्रज्वलन कॉइल इत्यादी घटक.

इंजिनात किती हवा जाते हे नियंत्रक दोनपैकी एका पद्धतीने ठरवतो. पहिल्या पद्धतीत हवेच्या मार्गात बसवलेला हवामापक प्रत्यक्ष प्रवाह मोजतो. दुसऱ्या पद्धतीत इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजून त्यावरून व इंजिनाच्या वेगावरून हवेचे प्रमाण काढले जाते. आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे हे निदानापूर्वी माहीत असणे आवश्यक आहे, कारण एकाच दोषाची लक्षणे या दोन पद्धतींत निराळी दिसतात.

शीतजलाचे तापमान, थ्रॉटलची स्थिती, क्रँकशाफ्टची स्थिती व वेग, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि धुरातील ऑक्सिजन यांचीही माहिती नियंत्रकाला मिळते. तिच्या आधारे इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल यापेक्षा अधिक असल्यास मिश्रण ‘समृद्ध’ आणि कमी असल्यास ‘विरल’ म्हटले जाते.

इंजिन थंड असताना नियंत्रक ऑक्सिजन संवेदकाकडे लक्ष न देता ठरावीक कोष्टकानुसार समृद्ध मिश्रण देतो. इंजिन व संवेदक तापल्यावर तो ऑक्सिजनच्या संकेतानुसार मिश्रण सतत दुरुस्त करतो. म्हणून दोष थंड इंजिनात दिसतो, गरम इंजिनात दिसतो की दोन्ही अवस्थांत दिसतो, हा निदानातील पहिला महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

## दोषांचे वर्ग

### प्रज्वलन

झिजलेले स्पार्क प्लग, तडा गेलेली डिस्ट्रिब्युटरची टोपी, जीर्ण झालेल्या प्लगच्या वायरी आणि दुर्बळ कॉइल ही मिसिंगची सर्वांत सामान्य कारणे आहेत. इंजिनावर भार पडला की सिलिंडरातील दाब वाढतो व ठिणगी पडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे सपाट रस्त्यावर नीट चालणारी गाडी घाट चढताना झटके देऊ लागल्यास प्रथम प्रज्वलनाचा संशय घ्यावा. काही गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देते. अशा इंजिनात पहिला व चौथा किंवा दुसरा व तिसरा सिलिंडर एकाच वेळी निकामी झाल्यास दोष प्लगांपेक्षा कॉइलमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.

### इंधनपुरवठा

तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, बिघडलेला दाबनियंत्रक आणि चिकट साका साचलेले इंजेक्टर या वर्गात येतात. बहुसंख्य एमपीएफआय गाड्यांत इंधनाचा दाब सुमारे २.५ ते ३ बार असतो. के-जेट्रॉनिकमध्ये तो सुमारे ५ बार असतो. दाब कमी पडल्यास वेग वाढवताना गाडी ओढ घेत नाही. इंजेक्टर गळत असल्यास गरम इंजिन पुन्हा सुरू करताना त्रास होतो व काळा धूर येतो.

### हवा

हवामापकानंतरच्या मार्गातील फाटलेली रबरी नळी, सैल झालेला क्लॅम्प किंवा कडक होऊन आकसलेले मॅनिफोल्डचे गॅस्केट यांतून न मोजलेली हवा आत शिरते. गॅरेजमध्ये याला ‘इंजिन हवा ओढते’ असे म्हणतात. हवामापक असलेल्या गाडीत यामुळे मिश्रण विरल होऊन आयडलिंग डळमळते. दाबसंवेदक असलेल्या गाडीत मात्र ही हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, नियंत्रक त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो आणि इंजिनाचे आयडलिंग प्रायः अकारण वेगवान होते. थ्रॉटलच्या तोंडाशी व आयडल नियंत्रण झडपेत साचलेला कार्बनदेखील आयडलिंग बिघडवतो.

### संपीडन

झडपा नीट न बसणे, पिस्टनच्या रिंगा झिजणे, हेड गॅस्केट जळणे किंवा टायमिंग बेल्ट एखादा दात सरकणे यांमुळे संपीडन, म्हणजेच कॉम्प्रेशन, कमी होते. हा दोष कोणत्याही संवेदकाच्या अदलाबदलीने बरा होत नाही.

### संवेदक व वायरिंग

जुन्या गाडीत संवेदक निकामी होण्यापेक्षा त्याच्या जोडणीवर गंज चढणे, अर्थिंग सैल होणे किंवा वायरीवरील आवरण तडकणे हे अधिक वेळा आढळते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील काही मर्सिडीज-बेंझ इंजिनांच्या वायरिंगवरील आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, हे त्या मोटारींच्या जाणकारांत सुपरिचित आहे. अशा वायरी एकमेकींना चिकटल्या की नियंत्रकाला खोटे संकेत मिळतात व सुस्थितीतील संवेदकही सदोष भासतात. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हेही नेहमीचे कारण आहे.

## लक्षणांवरून अनुमान

लक्षणांवरून दोष सिद्ध होत नाही. परंतु शोधाची दिशा ठरते.

* केवळ आयडलिंगला थरथर, वेग वाढवल्यावर चाल सुरळीत: हवेची गळती, आयडल झडपेतील कार्बन, एखाद्या सिलिंडराचे कमी संपीडन.
* केवळ भाराखाली किंवा चढावर झटके: दुर्बळ ठिणगी, इंधनाचा अपुरा दाब.
* थंड असताना अडखळणे, गरम झाल्यावर ठीक: विरल मिश्रण, हवेची गळती, झडपांवर साचलेला कार्बन.
* थंड असताना ठीक, गरम झाल्यावर थरथर व काळा धूर: शीतजल तापमान संवेदक, गळके इंजेक्टर, वाढलेला इंधनदाब.
* ठरावीक लयीत एकच ठोका चुकणे: एकाच सिलिंडराचा दोष.
* लय नसलेले, सर्वत्र विखुरलेले अडखळणे: सर्व सिलिंडरांना समान असलेल्या घटकाचा दोष, उदा. पंप, हवामापक, क्रँकशाफ्ट संवेदक, अर्थिंग.

यांतील शेवटचे दोन मुद्दे विशेष महत्त्वाचे आहेत. ‘दोष एका सिलिंडरात आहे की सर्वांत?’ या एका प्रश्नाच्या उत्तराने संशयित भागांची यादी निम्म्याहून कमी होते.

## निदानाचा क्रम

निदान सोप्या, विनाखर्चिक तपासणीपासून सुरू करून अवघड व खर्चिक तपासणीकडे न्यावे. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम नोंदवावा. दोन भाग एकाच वेळी बदलल्यास गाडी सुधारली तरी कारण कळत नाही.

१. इतिहास व निरीक्षण. दोष कधीपासून आहे, त्याआधी कोणते काम झाले होते, पेट्रोल किती दिवसांपूर्वी भरले होते हे विचारावे. सर्व्हिसिंगनंतर लगेच उद्भवलेला दोष बहुधा निसटलेल्या नळीत किंवा न बसलेल्या जोडणीत सापडतो. बॉनेट उघडून नळ्या, क्लॅम्प व वायरी हाताने चाचपाव्यात.

२. बॅटरी व अर्थिंग. इंजिन बंद असताना पूर्ण भारित बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावे. इंजिन चालू ठेवून इंजिनाचा धातू व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधील व्होल्टेज मोजावे. ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आल्यास अर्थिंगची पट्टी स्वच्छ करून पुन्हा आवळावी.

३. दोषसंकेत. पुष्कळ जुन्या गाड्यांत निदानजोडणीची दोन टोके जोडली असता डॅशबोर्डावरील दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो व त्या संख्येवरून संकेत वाचता येतो. ओबीडी-२ ही एकसमान पद्धत भारतातील नव्या गाड्यांना २०१३ पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या गाड्यांना सर्वसाधारण स्कॅनर बहुधा लागत नाही. संकेताचा अर्थ जपून घ्यावा. ‘ऑक्सिजन संवेदक: मिश्रण विरल’ असा संकेत मिळाला तर संवेदक खराब आहे असे सिद्ध होत नाही. फाटलेल्या नळीतून येणारी हवा तो संवेदक प्रामाणिकपणे कळवीत असण्याचीही शक्यता असते.

४. सिलिंडरांची तुलना. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरची विद्युत् जोडणी क्रमाने काढावी. निरोगी सिलिंडर बंद केला की इंजिनाचे फेरे स्पष्टपणे कमी होतात. ज्या सिलिंडराची जोडणी काढूनही फरक पडत नाही, तोच काम करीत नाही. प्लगची वायर ओढून ही चाचणी करण्याची जुनी रीत टाळावी. तिच्यात विजेचा झटका बसतोच, शिवाय न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते.

५. स्पार्क प्लग. प्लग काढून सिलिंडरांच्या क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग योग्य ज्वलन दाखवतो. कोरडी काळी काजळी समृद्ध मिश्रण, तेलकट काळेपणा सिलिंडरात उतरणारे ऑइल, तर पांढरट फटफटीत रंग विरल मिश्रण किंवा अति उष्णता सुचवतो. सर्व प्लग सारखे दिसल्यास कारण समाईक, एकच वेगळा दिसल्यास कारण त्या सिलिंडरापुरते. संशयित प्लग व वायर शेजारच्या सिलिंडरावर लावून पाहावी. दोष सोबत सरकला तर भाग सापडला. जागीच राहिला तर शोध पुढे न्यावा.

६. हवेची गळती. इनटेकभोवती सूंऽ असा आवाज ऐकावा. साबणाचे पाणी संशयित सांध्यावर सोडले असता चालीत बदल झाल्यास गळती तेथेच आहे. धूर सोडून केलेली चाचणी सर्वांत विश्वसनीय असते. हवामापक असलेल्या गाडीत ऑइलचे झाकण व ऑइल-पट्टी नीट बसलेली आहे का, हेही पाहावे.

७. इंधनाचा दाब. दाबमापक लावून आयडलिंगचा दाब पाहावा. दाबनियंत्रकाची व्हॅक्यूम नळी काढल्यावर दाब साधारण अर्धा बार वाढला पाहिजे. त्या नळीत पेट्रोल आढळल्यास नियंत्रकाचा पडदा फाटलेला आहे. इंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरला तर इंजेक्टर किंवा पंपाची एकदिश झडप गळते.

८. इंजेक्टर व संवेदक. सामान्य उच्च-रोध इंजेक्टरचा विद्युत् रोध सुमारे १२ ते १६ ओहम असतो व सर्व इंजेक्टरांचा जवळजवळ सारखा असतो. शीतजल तापमान संवेदकाचा रोध तापमान वाढले की घटतो. प्रचलित बॉश प्रकारात तो २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० व ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. गरम इंजिनातील ऑक्सिजन संवेदकाचा संकेत ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत खालीवर झाला पाहिजे.

९. संपीडन. सर्व प्लग काढून, प्रज्वलन व इंधन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजावा. निरोगी इंजिनात तो साधारण १० ते १३ बार असतो. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत महत्त्वाची. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढल्यास रिंगा, न वाढल्यास झडपा दोषी ठरतात. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आल्यास त्यांच्यामधील हेड गॅस्केट जळले असण्याची शक्यता असते.

### उदाहरण

समजा, एक जुनी एमपीएफआय गाडी सकाळी झटकन सुरू होते, पण दहा मिनिटांनंतर सिग्नलला थरथरू लागते, काळा धूर सोडते व पेट्रोल जास्त खाते. अशा वेळी प्लग, वायरी व ऑक्सिजन संवेदक बदलण्याचा मोह होतो. पण वरील क्रमाने पाहता चारही प्लग सारखेच काळे दिसतात. म्हणजे कारण समाईक आहे व मिश्रण समृद्ध आहे. इंधनाचा दाब योग्य येतो. गरम इंजिनावर तापमान संवेदकाचा रोध मात्र ३०० च्या ऐवजी २,००० ओहम भरतो. याचा अर्थ, इंजिन तापले तरी नियंत्रकाला ते थंडच वाटते व तो थंड इंजिनाला द्यावे तितके पेट्रोल देत राहतो. सकाळी हाच गैरसमज वस्तुस्थितीशी जुळत असल्याने दोष लपून राहतो. येथे तुलनेने स्वस्त असा एकच संवेदक बदलणे पुरते.

## पुण्यातील परिस्थिती

उंची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे येथील वातावरणाचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ असतो. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली असता दाबसंवेदकाने ९५ च्या आसपासचा आकडा दाखवला, तर तो संवेदक बरोबर आहे. समुद्रसपाटीच्या आकड्याशी तुलना करून त्याला सदोष ठरवू नये. महाबळेश्वरला हाच आकडा ८६ च्या जवळ जातो. व्हॅक्यूम गेजवर आयडलिंगला समुद्रसपाटीला पाऱ्याचे १७ ते २१ इंच अपेक्षित असतात. पुण्यात त्यातून सुमारे दोन इंच वजा करावेत.

पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवेत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील सूक्ष्म तड्यांतून व जीर्ण वायरींतून विद्युत्‌भार इंजिनाच्या धातूकडे निसटतो. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवल्यास अशा ठिकाणी निळसर ठिणग्या दिसतात. ‘पावसात बंद पडते, उन्हात चालते’ ही तक्रार याच दोषाची निदर्शक असते.

सीएनजी. शहरातील अनेक जुन्या पेट्रोल गाड्यांना सीएनजी संच बसवलेले आहेत. अशा गाडीत निदानाचा एक सोपा मार्ग उपलब्ध असतो. गाडी पेट्रोल व सीएनजी दोन्हींवर मिसिंग करीत असल्यास दोष प्रज्वलनात, संपीडनात किंवा हवेच्या मार्गात शोधावा. केवळ पेट्रोलवर करीत असल्यास पंप, फिल्टर व पेट्रोल इंजेक्टर पाहावेत. सीएनजीला प्रज्वलनासाठी अधिक व्होल्टेज लागते, म्हणून दुर्बळ ठिणगीचा दोष आधी सीएनजीवर उघड होतो. वर्षानुवर्षे केवळ सीएनजीवर चालवलेल्या गाडीचे पेट्रोल इंजेक्टर न वापरल्यामुळे तुंबतात.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल असलेले ‘ई२०’ पेट्रोल टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले. त्याच्या पूर्ण ज्वलनासाठी हवेचे प्रमाण सुमारे १३.५ लागते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन थोडे अधिक द्यावे लागते. ऑक्सिजन संवेदक असलेली प्रणाली ही दुरुस्ती बऱ्याच अंशी स्वतः करते. संवेदक नसलेल्या जुन्या प्रणालींत मिश्रण विरल होते. इथेनॉल ओलावा शोषून घेते, जुन्या रबरी नळ्यांना मऊ करते व टाकीतील जुना साका सुटा करते. म्हणून दीर्घकाळ उभ्या गाडीत जुने पेट्रोल काढून टाकणे, फिल्टर बदलणे व नळ्या तपासणे हे निदानाचेच अंग समजावे.

पीयूसी. प्रदूषण तपासणी केंद्रातून मिळणारे आकडेही निदानाला उपयोगी पडतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त असल्यास मिश्रण समृद्ध असते. कार्बन मोनॉक्साइड कमी व हायड्रोकार्बन जास्त असल्यास पेट्रोल जळताच बाहेर पडत नसून न जळता बाहेर पडत असते. म्हणजेच ठिणगी चुकते किंवा मिश्रण अति विरल आहे. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, तर भारत स्टेज-२ व ३ च्या मोटारींना ०.५ टक्के आहे.

## चुकीच्या निदानाचे परिणाम

मिसिंग सहन करीत गाडी चालवत राहिल्यास न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते व त्यातील सच्छिद्र गाभा वितळून धुराचा मार्ग अडू शकतो. समृद्ध मिश्रणाने सिलिंडराच्या भिंतीवरील ऑइल धुतले जाते व रिंगांची झीज वाढते. विरल मिश्रणाने झडपा जळतात. म्हणजे साधा, स्वस्त दोष कालांतराने इंजिन उघडण्याच्या खर्चापर्यंत पोहोचतो.

दुसरा धोका अंदाजाने भाग बदलत राहण्याचा आहे. जुन्या मोटारींचे मूळ भाग दुर्मीळ व महाग झाले असून त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे भाग बसवल्यास मूळ दोषात नव्या दोषाची भर पडते. ऑक्सिजन संवेदकाची जोडणी काढून ठेवणे किंवा नियंत्रकाला फसवणारा रोधक लावणे, हे उपाय लक्षण झाकतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. ‘हिचे आता काही होणार नाही’ अशा निदानाविना दिलेल्या अभिप्रायामुळे सुस्थितीतील गाडीही भंगारात जाऊ शकते. कानाने चाल ओळखणारा अनुभवी मेकॅनिक आणि मल्टिमीटर ही परस्परपूरक साधने आहेत: कान संशय घेतो, मीटर त्याची शहानिशा करतो.

## सुरक्षितता

* इंधनाची नळी इंजिन बंद केल्यावरही दाबाखाली असते. दाब उतरवूनच ती सोडवावी. जवळ पेटती वस्तू नसावी व अग्निशामक हाताशी असावा.
* गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वलनशील फवारा वापरू नये.
* इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनातील व्होल्टेज जिवास धोकादायक ठरू शकते. चालू इंजिनात प्लगच्या वायरींना स्पर्श करू नये.
* नियंत्रकाची जोडणी काढण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.
* बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन व विषारी असतो.
* पंखा व पट्ट्यांजवळ काम करताना ओढणी, सैल बाह्या व लोंबत्या वायरी आवराव्यात.

## हेही पाहा

* इंधन अंतःक्षेपण
* कार्ब्युरेटर
* अंतर्ज्वलन इंजिन
* स्पार्क प्लग
* कॅटॅलिटिक कन्व्हर्टर
* भारत स्टेज उत्सर्जन मानके
* ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया